पाहुण्यांनी कुठं बसावं

शर्यतीच्या दिवशी सिताबाच्या मैदानावर ज्याचे त्याचे डोळे घोड्यांवर असतात. जसरिलचे मात्र सकाळपासून फाटकावर खिळले होते.

फाटक कसलं, दोन बांबू रोवलेले आणि वर लाल-काळ्या-पिवळ्या कापडाची झालर. त्याखालून माणसांचा लोंढा आत येत होता. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, खांद्यावर नातू बसवलेले म्हातारे, एकेका फटफटीवर चौघं-चौघं लटकून आलेली कार्टी. जसरिल एकेकाचं तोंड न्याहाळायचा आणि मान फिरवायचा.

"काका, मग मी काय लिहू? पाहुण्यांनी मंडपात बसावं?"

विचारणारी बाई जकार्ताहून आली होती, इंद्रावती नावाची. बरोबर तेगुह म्हणून एक कॅमेरेवाला. जिल्ह्याच्या कचेरीला आमच्या मैदानाची एक छोटी पुस्तिका छापायची होती. बाहेरगावच्या माणसानं इथं यावं कसं, बसावं कुठं, खावं काय, असलं सगळं. कचेरीतल्या कुणीतरी सांगितलं, जसरिलला धरा, त्याला मैदानावरचं गवतसुद्धा नावानिशी ओळखतं. खोटं नव्हतं ते. गेल्या वर्षापर्यंत शर्यतीचं सगळं बोलणं त्याच्याच तोंडून भोंग्यावर जायचं. मैदानाकडेच्या मनोऱ्यावर चढून तो बोलायला लागला की डोळे मिटून बसलेल्या आंधळ्यालाही शर्यत दिसायची, असं लोक म्हणायचे.

"मंडपात?" जसरिल हसला. "मंडपात साहेब लोक बसतात, बाई. तिथनं घोडे दिसत नाहीत, पुढच्या साहेबाच्या टोपीची मागची बाजू दिसते. ज्याला शर्यत बघायचीय त्यानं त्या उतारावर, दालचिनीच्या झाडांखाली बसावं. सावली आहे, वारा आहे, आणि घोडे समोरून येतात. फक्त लवकर यावं. आमच्या बायका पहाटेच चटया टाकून जागा धरतात, आणि एकदा चटई पडली की मग तिथनं त्यांना राज्यपालही उठवू शकत नाही."

"आणि पैज लावता येते का?" तेगुहनं विचारलं.

"तोबा तोबा! पैज हराम आहे, बाबा. आम्ही नुसता अंदाज करतो. ज्याचा अंदाज चुकला त्यानं दुसऱ्याला कॉफी पाजायची. आता काही लोकांची कॉफी फार महाग असते, त्याला आपण काय करणार?"

दोघं खदाखदा हसले. जसरिलही हसला, आणि हसता हसता पुन्हा फाटकाकडं बघून घेतलं.

आता तो वाट कुणाची बघत होता, ते सांगितलं पाहिजे. बाहेरच्यांना सांगितलं की ते तोंडात बोट घालतात, पण आमच्याकडे घर बाईचं असतं. घर बाईचं, शेत बाईचं, आडनावसुद्धा आईचं. नवरा लग्न करून बायकोच्या घरी येतो आणि मरेपर्यंत तिथं पाहुणा म्हणून राहतो. मानाचा पाहुणा, नाही असं नाही. भाताची पहिली वाढ त्याला. पण पाहुणा तो पाहुणाच. ओंडक्यावरची राख, म्हणतात आमचे म्हातारे. वारा सुटला की उडाली. पुरुषाचं स्वतःचं घर एकच, आईचं. आई गेली की बहिणीचं. तिथं तो मामा असतो, आणि मामाच्या शब्दाशिवाय त्या घरात पान हलत नाही. भाचीला नवरा बघायचा, मामा. भाच्याला परदेशी धाडायचं, मामा. बाप बिचारा कोपऱ्यात बसून चहा पितो.

आणि बायको आधी गेली, तर? तर शंभराव्या दिवसाचं जेवण झालं की बहिणीच्या घरून भाचे येतात. झाकलेला पानाचा डबा आणतात, तो बायकोच्या माणसांपुढं ठेवतात आणि म्हणतात, आमचा माणूस तुम्ही नीट सांभाळलात, आता आमचा आम्हाला द्या. बायकोकडची माणसं पान उचलतात, थोडं रडतात, आणि तो आपलं बोचकं घेऊन भाच्यांमागून चालू लागतो. इतकं साधं आहे. पिढ्यानपिढ्या चालत आलंय.

जसरिलची बायको नुरबाइती जाऊन शंभराव्याचं जेवण केव्हाच झालं होतं. मग रोजे आले, गेले. ईद झाली. बहिणीच्या घरून कुणी आलं नव्हतं.

मेव्हणी अस्निदार वाईट बाई नव्हती. एका शब्दानं बोलली नाही. पण तिची धाकटी लेक नवऱ्याला घेऊन बातामहून कायमची परत यायची होती, आणि घरात खोली एकच रिकामी होणार होती, ती म्हणजे जसरिलची. रोज सकाळी चहा पुढं ठेवताना अस्निदार विचारायची, "उदा, तिकडून काही निरोप?" उदा म्हणजे आमच्यात दादा. तो म्हणायचा, "येतील गं." ती म्हणायची, "येतील, येतील, घाई काय आहे." आणि दोघंही रस्त्याकडं बघायची. एक मुलगा होता जसरिलला, पेकानबारूला. पण तो स्वतःच सासुरवाडीत पाहुणा, तो बापाला कुठं ठेवणार?

तुम्ही म्हणाल, गावातल्या गावात बहीण, उठून जायचं सरळ. जाऊन बघा! स्वतःचं बोचकं स्वतः उचलून बहिणीच्या दारात उभा राहिलेला माणूस म्हणजे दोन्हीकडून हाकललेला. त्याच्यासाठी एकच जागा उरते, सुराव, म्हणजे आमचं नमाजाचं घर. तिथं मागच्या बाजूला पाच-सहा म्हातारे चटईवर पडलेले असतात. कुणाची बहीण मेलेली, कुणाचं घर संपलेलं. गाव त्यांना जेवायला देतं, सणाला सदरा-लुंगी देतं. नाव घेऊन हाक मात्र कुणी मारत नाही. त्या चटया दिसू नयेत म्हणून जसरिल नमाज झाला की मागं न बघता बाहेर पडायचा.

पण काल मारजोहाननं बातमी आणली होती. मारजोहान म्हणजे कॉफीच्या पाल्याचा काढा करवंटीतून विकणारा, जसरिलचा लहानपणापासूनचा दोस्त, तोंडाचा फाटका. "अरे ए उंटावरच्या शहाण्या! तुझ्या बहिणीकडं डबा घासायला काढलाय. माझ्या बायकोनं डोळ्यांनी बघितलं. पानं खुडली, चुना आणला. अस्निदारचं घर शर्यतीचे तीन दिवस दिवसभर बंद असतं हे त्यांना माहितीय, म्हणजे मैदानावरच येणार उद्या. उद्या तुझी वरात!"

रात्रभर जसरिलच्या डोळ्याला डोळा लागला नाही. पहाटे त्यानं कपडे बोचक्यात बांधले आणि बोचकं आणून अस्निदारच्या मैदानावरच्या भाताच्या दुकानात बाकाखाली सरकवलं. नवा सदरा घातला. अस्निदारनं ते बघितलं, आणि चुलीचा धूर डोळ्यांत गेल्यासारखं करून तोंड फिरवलं.

"काका, तो लांबचा भाग दाखवाल?" इंद्रावती म्हणाली. "तिथं गर्दी कमी दिसतेय."

लांबचा भाग म्हणजे पलीकडचं वळण. जसरिल वर्षभर तिकडं फिरकला नव्हता. पण पाहुण्यांना नाही कसं म्हणणार? निघाला.

गेल्या वर्षी याच दिवसांत आदल्या रात्री मुसळधार पाऊस झाला होता आणि त्या वळणावर घोट्याएवढा चिखल होता. गावचा घोडा सागोवारा, आणि त्यावर स्वार जसरिलचा थोरला भाचा हेंद्री. शर्यतीच्या आधी जसरिलची बहीण युस्मारनी गर्दीतून वाट काढत घोड्यांच्या कुंपणाशी आली. तिनं भावाचा हात धरला. "जस, त्याला उतरायला सांग. मी सांगून बघितलं, ऐकत नाही. बापाचं तर ऐकतच नाही. तू मामा आहेस. तू म्हणालास तर उतरेल."

एक शब्द पुरे होता. पण मंडपात जिल्ह्याचे साहेब बसले होते, शेजारच्या गावचा घोडा तयार उभा होता, आणि जसरिलला त्या दिवशी गावाचं नाक महत्त्वाचं वाटलं. "अगं, घोडं चिखलातच वाढलंय," तो म्हणाला. "आता नाव मागं घेतलं तर लोक शेण घालतील तोंडात. तू चटईवर जाऊन बस बघू." आणि तो मनोऱ्यावर चढला. माझा भाचा, माझ्या सख्ख्या बहिणीचा पोरगा, असं भोंग्यावरून दहा वेळा सांगितलं त्यानं.

वळणावर घोडा घसरला आणि हेंद्रीच्या पायावर पडला. घोडा उठला. हेंद्री उठला नाही. आणि मनोऱ्यावर जसरिलची जीभ आपली चालूच राहिली. डोळ्यांनी दिसत होतं, तरी तोंड थांबेना. "सागोवारा पुढे! सागोवारा पुढे!" साऱ्या मैदानानं ऐकलं. युस्मारनीनं ऐकलं. त्यानंतर तो मनोऱ्यावर चढला नाही.

जसरिल दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा युस्मारनीनं एकदाच तोंड उघडलं. "झालं तुझं ओरडून?" एवढंच. पुढं नुरबाइती गेली तेव्हा मातीला आली, बायकांत बसली, उठून गेली. भावाकडं मान वर करून बघितलं नाही. लहानपणापासून तशीच. सुंभ जळेल, पीळ जायचा नाही.

वळणावर आता हिरवं गवत होतं. कठड्याला नवा पांढरा रंग दिला होता.

"इथनं फोटो छान येतील," तेगुह म्हणाला. "पाहुण्यांनी इथं उभं राहिलं तर चालतं?"

"चालतं. कठड्यापासून दोन हात मागं राहायचं. लाल छत्री आणायची नाही, घोडे बुजतात."

"गेल्या वर्षी इथं कुणी पडलं होतं म्हणे?" इंद्रावतीनं विचारलं. "फार लागलं का त्याला?"

जसरिलनं कठड्याच्या रंगावरून बोट फिरवलं. "लागलं."

"आता कसा आहे?"

"चालतो," जसरिल म्हणाला. "काठी घेऊन चालतो, असं ऐकलंय."

भाच्याची तब्येत माणसानं अशी ऐकीव सांगावी! त्याची त्यालाच लाज वाटली. बाईनं पुढचा प्रश्न विचारला, गाड्या कुठं लावायच्या म्हणून, आणि तो उत्तर देणार इतक्यात त्याला फाटकाच्या झालरीखाली हेंद्री दिसला.

काठी होती. दोन मावसभाऊ दोन्ही बाजूंना होते. आणि एकाच्या हातात, लाल-सोनेरी कापडानं झाकलेला, पानाचा डबा होता.

"चला!" जसरिल एकदम म्हणाला. त्याचा आवाज असा चढला की तेगुह दचकला. "चला, चला, तुम्हाला कातुपेक खाऊ घालतो. नारळाच्या पानात शिजवलेला भात, वर फणसाचं कालवण. आमच्या अस्निदारसारखं कालवण अख्ख्या जिल्ह्यात नाही. लिहून घ्या ते!"

तो पुढं निघाला तो जवळजवळ धावतच. बाई मागून धापा टाकत येत होती. वाटेत मारजोहाननं त्याला बघितलं आणि करवंट्या तशाच टाकून मागं लागला. "आले का? आले? मी काय सांगत होतो! लेका, मिठाई काढ आधी!"

दुकानात अस्निदारलाही दिसलं होतं. तिनं हात पुसले, डोक्यावरची ओढणी सारखी केली, बाकावरची भांडी उचलली आणि फडक्यानं बाक स्वच्छ पुसून घेतला. मग बाकाच्या टोकाला, घरच्या बाईनं बसावं तशी ताठ बसली. जसरिल तिच्या शेजारी थोडं मागं बसला. ज्याला न्यायचं असतं त्यानं मागंच बसायचं, मध्ये बोलायचं नाही.

"उदा," अस्निदार हळूच म्हणाली, डोळे भरलेलेच होते, "काही कमी-जास्त झालं असेल तर मनात ठेवू नका. घरच्यासारखे राहिलात."

"तू भावासारखं सांभाळलंस गं," जसरिल म्हणाला.

मैदानावर मोठी शर्यत सुटली होती. सगळं गाव ओरडत होतं, टोप्या उडत होत्या. हेंद्री कठड्याच्या कडेनं चालत येत होता आणि त्यानं एकदाही घोड्यांकडं मान वळवली नाही. उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. प्रत्येक पावलाला आख्खं अंग डावीकडं झुकायचं. जसरिल ते बघत होता आणि मनात म्हणत होता, येऊ दे घरी, येऊ दे एकदा मला घरी, तुझ्या पायाला मी रोज माझ्या हातानं तेल लावीन, पोरा.

हेंद्री आला. सलाम झाला. अस्निदारनं पुढं वाकून हात सरसावले.

हेंद्री तिच्यासमोरून पुढं गेला. मावसभावाच्या खांद्याचा आधार घेऊन, दुखरा पाय लांब करून तो बाकासमोरच्या चटईवर बसला. मावसभावानं डबा त्याच्या हातात दिला. त्यानं तो जसरिलपुढं ठेवला आणि कापड काढलं.

हिरवीगार पानं होती. सुपारी, चुना, कात, तंबाखू, सगळं जागच्या जागी.

जसरिल हसला. पोरगं चुकलं, त्याला वाटलं. तरणी पोरं, त्यांना रीतभात कुठं ठाऊक असते? "अरे वेड्या, इकडं नाही," तो मायेनं म्हणाला. "मावशीपुढं ठेव. मला मागायला आलायस ना? मग मागायचं तिच्याकडं."

हेंद्रीनं मान खाली घातली. "नाही मामा. तुमच्यापुढंच ठेवायचाय."

अस्निदारचे सरसावलेले हात तसेच राहिले, मग तिनं ते मांडीवर घेतले. तिला कळलं होतं. मारजोहानला कळलं होतं. मागं उभ्या राहिलेल्या चार बायकांनाही कळलं. घरच्या माणसाला पान कुणी देत नाही आमच्याकडं. घरच्या माणसाला नुसती हाक मारतात, ये रे म्हणून. पान पाहुण्याला.

हेंद्री पाठ केल्यासारखं बोलू लागला. "आई सांगते, परवा शुक्रवारच्या नमाजानंतर गुसनेलीचा निकाह आहे. दिवस ठरलाय. आपण येऊन चार घास भात खावा, अशी घरच्या सगळ्यांची विनंती आहे."

आपण! सहा वर्षांचा असताना ज्याला जसरिलनं पहिल्यांदा घोड्यावर बसवलं, तो पोरगा त्याला आपण म्हणत होता.

"गुसनेलीचं लग्न?" जसरिलनं विचारलं. गुसनेली त्याची एकुलती एक भाची. "कुणाशी?"

"सोलोकचा मुलगा आहे. शाळेत शिकवतो."

"बघायला कोण गेलं होतं?"

"सुलेमानमामा." सुलेमान म्हणजे युस्मारनीचा मावसभाऊ, वर्षानुवर्षं मेदानला राहिलेला, ज्याला गावातल्या गल्ल्यासुद्धा धड माहीत नाहीत. "परवा जिन्यावर तेच उभे राहणार आहेत."

जिन्यावर उभं राहून नवऱ्यामुलाकडच्यांना वर घेणं हे सख्ख्या मामाचं काम. जन्मात एकदा मिळतो तो मान, आणि तो एकाच माणसाचा असतो.

"आणि मी?" जसरिलनं विचारलं. एवढ्या माणसांसमोर विचारू नये ते त्यानं विचारलं. "मी कुठं बसायचं?"

हेंद्री डब्यावरच्या कापडाची घडी करू लागला. धाकटा मावसभाऊ, निर्बुद्ध कार्टं, मोठ्यानं म्हणालं, "पुढच्या ओळीत, खिडक्यांशी. पाहुण्यांची जागा तिथंच केलीय."

मारजोहाननं काहीतरी चेष्टेचं बोलायला तोंड उघडलं. मग तो बायकांना म्हणाला, "काय बघताय? शर्यत तिकडं आहे." बायका हलल्या नाहीत.

डबा तसाच होता. पान उचललं नाही तर नातं तुटलं. उचललं तर पाहुणा झालास, हे कबूल. युस्मारनीनं अगदी विचार करून पाठवला होता तो. जसरिलनं एक पान उचललं, त्याला चुना लावताना थोडा नव्या सदऱ्यावर सांडला. पान तोंडात घातलं, चावलं. गिळलं.

हेंद्री उठायला लागला. उठताना तोल गेला तसा जसरिलनं त्याला दंडाला धरलं. तेवढ्यात तो पोरगा मामाच्या कानाशी म्हणाला, "मी म्हटलं आईला. मामांना आणू या, माझी काही तक्रार नाही, असं म्हटलं. पाया पडलो तिच्या."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, पाय तुझा गेला, तू माफ कर. पोरगा माझा होता."

जसरिलनं दंड सोडला. "खरंय तिचं," तो म्हणाला. "जा. सावकाश जा. गर्दी सुटेल आता."

ते गेले. इंद्रावतीला काहीच कळलं नव्हतं. रंगीत कापड, पानं, सलाम, तिला ते सगळं फार गोड वाटलं होतं. तेगुहनं फोटोही काढले होते. "किती सुंदर पद्धत आहे," ती म्हणाली. "हे पुस्तिकेत घालते मी." अस्निदार चुलीकडं तोंड करून उभी होती. डावानं कालवण ढवळत होती आणि खांदे हलत होते. मग ती तशीच, न वळता म्हणाली, "उदा, घरी चला रात्री. बातामची मंडळी यायला अवकाश आहे अजून. आठ-पंधरा दिवस सहज..."

आठ-पंधरा दिवस म्हणजे काय, ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"नको गं," जसरिल म्हणाला. "निघालोय तर निघतो." त्यानं बाकाखालचं बोचकं ओढून काढलं आणि उरलेला वेळ ते काखेत घेऊनच पाहुण्यांना मैदान दाखवलं. पाणी कुठं मिळतं, बायकांची सोय कुठं आहे, जिंकलेल्या घोड्यावर शाल घालतात ती जागा कुठली. एकही प्रश्न त्यानं चुकवला नाही. विचारतील तेवढं सांगत गेला. न सांगून करणार काय होता?

दिवस कलला तशी गर्दी पांगली. इंद्रावती म्हणाली, "काका, दिवसभर आमच्यासाठी पायपीट केलीत. बसा गाडीत, घरी सोडतो तुम्हाला. घर कुठं तुमचं?"

"सुरावाशी सोडा," जसरिल म्हणाला. "सरळ घ्या. चिंचेपाशी डावीकडं."

चिंचेपाशी गाडी वळली आणि शिंगांसारख्या टोकांच्या छपराचं मोठं घर समोर आलं. अंगणात बांबूची कमान उभी राहत होती. तीन मोठ्या कढया चुलाणांवर होत्या आणि बायका वल्ह्याएवढे कालथे घेऊन नारळाच्या दुधात मटण ढवळत होत्या. वास गाडीत आला. त्या बायकांत पाठमोरी उभी असलेली उंच बाई कुठली, ते जसरिलला सांगायची कुणाला गरज नव्हती. गाडीचा आवाज ऐकूनही ती वळली नाही.

"अगं बाई, काय घर आहे!" इंद्रावती काच खाली करत म्हणाली. "काका, हे घालायलाच हवं पुस्तिकेत. पाहुण्यांना आत जाता येतं?"

"परवा येईल जाता. लग्न आहे." जसरिलनं बोचकं मांडीवर घट्ट धरलं होतं. "समोरच्या जिन्यानं चढायचं. वहाणा खालीच काढायच्या. पान पुढं आलं की नाही म्हणायचं नाही. खिडक्यांच्या बाजूला बसायचं, वाढतील ते खायचं. मागच्या खोल्यांकडं मात्र जायचं नाही. तिकडं घरची माणसं असतात."

"तुम्हाला बरं सगळं माहिती या घरातलं," ती हसून म्हणाली. "ओळखीचे आहेत का?"

गाडी पुढं गेली. घर मागं पडलं.

"हो," जसरिल म्हणाला. "मला बोलावणं आहे."